राख गार होईपर्यंत

आमच्या गल्लीत होळी पेटवायला शंभर माणसं असायची आणि विझवायला एकच. पेटवणाऱ्यांची नावं मंडळाच्या फलकावर फोटोसकट लागायची. विझवणाऱ्याचं नाव कुठंच नसायचं. बोंबा मारून झाल्या, नारळ टाकून झाले, लोक पुरणपोळी खायला आपापल्या घरी पांगले, की गार्डमामा प्लास्टिकची खुर्ची घेऊन होळीपाशी येऊन बसायचे. पायाशी पाण्याच्या दोन बादल्या, हातात लांब काठी. आधी पाणी मारायचे, मग काठीनं राख उकरायचे, परत पाणी मारायचे आणि शेवटी वाकून उजव्या हाताची मागची बाजू राखेवर ठेवायचे. "तळहात लबाड असतोय," ते सांगायचे. "काम करून घट्टं पडल्यात त्याला. त्याला समदं गारच लागतंय. उलटा हात खरं बोलतोय."

ते राहायला आले त्याच वर्षी यावरून गल्लीत महाभारत झालं. होळीच्या निखाऱ्यावर पाणी तापवून दुसऱ्या दिवशी पोरांना अंघोळ घालायची आमच्याकडं पद्धत. सकाळी बायका हंडे घेऊन आल्या, तर निखाऱ्याच्या जागी काळा चिखल. "कुणाच्या हाताला खाज सुटली होती?" म्हणून आरडाओरडा सुरू झाला. मामा शांतपणे पुढं आले आणि म्हणाले, "मी इझवली. वारं सुटलंतं." त्यावर बायका काय काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी तडजोड झाली: पुढच्या वर्षीपासून एका घमेल्यात निखारे बाजूला काढायचे आणि बायका येईपर्यंत त्या घमेल्याची राखण मामांनी करायची. बायकांना वाटलं, शिक्षा दिली. मामांना वाटलं, बढती मिळाली.

मामा मूळ नेसरीचे. तीस वर्षं पश्चिमेकडच्या डोंगरात फॉरेस्ट गार्ड होते. निवृत्त झाल्यावर मामींच्या गुडघ्यांवर उपचार करायचे म्हणून कोल्हापुरात आले आणि आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. मी त्यांच्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान, तरी ते मला 'अक्का' म्हणायचे. नेसरीपासून कानडी मुलूख हाकेच्या अंतरावर, तिकडं लाडाच्या पोरीलाही अक्का म्हणतात. माझे वडील, अण्णा, गुळाचे व्यापारी. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून स्वयंपाकघर बंद. मामांना हे फार पटायचं. "येळंत जेवायचं, येळंत चूल इझवायची," ते म्हणायचे. "अण्णा, तुमचा धर्म फॉरेस्टच्या लोकांनी काढल्याला दिसतोय." अण्णा या वाक्यावर पुढं वर्षभर हसत होते.

मामी मात्र हसायच्या नाहीत. त्यांनी भोगलं होतं. "आमच्या लग्नात होम झाला, पंगती उठल्या, वऱ्हाड गाडीत बसलं," त्या सांगायच्या. "मी वाट बघतोय, नवरा कुठाय? तर नवरा होमकुंडापाशी काठी घिऊन बसलाय. माझा भाऊ येऊन कानात म्हणाला, ताई, अजून येळ गेल्याली न्हाय, इचार कर." मामा बाजूलाच बसलेले असायचे. ते फक्त एवढंच म्हणायचे, "मांडव गवताचा हुता."

आमची खरी गट्टी जमली ती एका बादलीमुळं. मी घरूनच एका कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवर 'खेळणाऱ्यांचं म्हणणं' नावाचं माझं एक पान चालवते. नवीन व्हिडिओ गेम आला, की तो खेळलेल्या आपल्या भागातल्या लोकांची मतं गोळा करायची आणि मराठीत मांडायची. त्या दुपारी मी एक नवा गेम लावला होता. आवाज मोठा, गॅलरीचं दार उघडं. पडद्यावर जंगलात शेकोटी पेटलेली आणि तिची तडतड सगळ्या घरात घुमत होती. एवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि मामा भरलेली बादली घेऊन दारात उभे. मी ओरडले, "मामा, गेम हाय, गेम!" बादली वर उचललेली तशीच राहिली. थोडं पाणी माझ्या पायावर सांडलं. कॉम्प्युटर वाचला.

मामांनी बादली खाली ठेवली आणि पडद्याकडं बघतच राहिले. डोंगर, देवदारासारखी उंच झाडं, एक नदी, आणि शेकोटीपाशी बसलेली पाठीवर पिशवी बांधलेली एक पोरगी. "कोण ही? एकटीच हाय रानात?" त्यांनी विचारलं. मी गोष्ट सांगितली. हिचा बाप नकाशे काढणारा. डोंगरात गेला तो परतलाच नाही. ही त्याला हुडकायला निघालीय. वाटेत त्याच्या जुन्या मुक्कामांवर त्याची पत्रं सापडतात, ती वाचत पुढं जायचं. मामा खुर्ची ओढून बसले. "मग? घावला का बाप?" मी म्हटलं, "ते खेळूनच कळणार." त्यांनी हात पुढं केला. "आण तो रिमोट."

त्या गेमचं नाव इंग्रजी आणि लांबलचक. मामांनी त्याचं 'खोरं' असं बारसं केलं आणि नायिकेचं 'पोरगी'. कोल्हापुरात त्या गेमबद्दल तेव्हा दोन तट पडले होते. आमच्या तालमीतला एक पैलवान मला म्हणाला, "तासभर चाललो, एक माणूस अंगावर आला न्हाय. मग एवढी बटनं दिल्यात कशाला?" राजारामपुरीतली एक दातांची डॉक्टर म्हणाली, शेवट बघून तिनं दुसऱ्या दिवशीचे पेशंट पुढं ढकलले, कारण रडून डोळे सुजले होते. आणि मुरगूडच्या एका इंजिनिअर पोरानं, जो गेम विकणाऱ्या साइटवर त्या गेमच्या पानावर 'मुरगूडकर' या नावानं लिहायचा, एकच ओळ लिहिली होती: "बारा तासात संपला, शेवटी रडलो, कुणाला सांगू नका." जे जगातल्या सगळ्यांना वाचता येत होतं.

मामांचं खेळणं बघायला मी माझं काम बाजूला ठेवायचे. पडद्यावर बाण दिसायचा, इकडं जा म्हणून. मामा बाणाकडं ढुंकून बघायचे नाहीत. "त्यो कोण मला सांगणारा? माझं बीट हाय हे, माझ्या राखणीतलं रान." आधी खोऱ्याची हद्द फिरून घेतली. मग पाणवठे बघितले. पोरगीला तहान लागत नाही हे मी चारदा सांगितलं, तरी प्रत्येक ओढ्यापाशी तिला दोन मिनिटं उभं करायचे. हरणांची वाट बघून म्हणाले, "हे चुकलंय. जनावर असं सरळ वर चढत न्हाय. त्ये उताराला आडवं जातंय. काढणारा माणूस दारातनं भाईर पडल्याला न्हाय." एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं. "अक्का, बघ. झाडं ह्या अंगाला वाकत्यात आन धूर सरळ वर जातोय. दोघातलं एक कोण तरी खोटं बोलतंय." मी बघितलं, खरंच. हा गेम मी दोनदा संपवला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अण्णा जिन्यातून हाक मारायचे, "काय साहेब, वनखात्यातनं सुटला आणि कॉम्प्युटरखात्यात लागला काय?" मामा मान न वळवता म्हणायचे, "इथं सायेबच न्हाय वर. लई चांगलं खातं हाय."

पण खोऱ्यात एक अडचण होती. पहिल्या मुक्कामावर पोरगी शेकोटी पेटवते, सकाळी बापाचं पहिलं पत्र वाचते आणि मग समोरची खिंड चढून पलीकडं जायचं, तिथं गोष्टीचा दुसरा भाग सुरू होतो. पत्र वाचून झालं. मी म्हटलं, "चला मामा, खिंड." मामा म्हणाले, "जाळ इझवायचं बटन कंचं?"

तसं बटण नव्हतं. पेटवायचं होतं, विझवायचं नव्हतं. मामांना ते खरंच वाटेना. त्यांनी सगळी बटणं दाबून बघितली. पोरगीला जाळावर उड्या मारायला लावल्या. नदीतून भांडं भरून आणता येतं का बघितलं. भांडं पिशवीत होतं, पण त्यात चहाच व्हायचा. शेवटी त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "जाळ तसाच सोडून रानातनं फुडं जायचं? मला न्हाय जमणार." आणि गेले नाहीत. त्यानंतर रोज दुपारी चारला यायचे, जाळ आहे तिथं आहे ना बघायचे, खोऱ्यात गस्त घालायचे आणि सहाला खाली जायचे. जाताना एकदा विचारायचे, "बाप घावतोय ना गं शेवटी?" मी सांगायला तोंड उघडलं की हात वर करायचे. "नगं, नगं. आपुन जाऊनच बघायचं."

शेवटी मी म्हटलं, मामा, तुमचं मत सांगा, तुमच्या नावाच्या खात्यावरून गेमच्या पानावर टाकू. तिथं प्रत्येक मताशेजारी तो माणूस किती तास खेळलाय ते दिसतं. मामांनी सांगितलं, मी शब्दाला शब्द लिहिलं आणि खाली इंग्रजी भाषांतर जोडलं. "रान चांगलं हाय. पाणी चांगलं हाय. पोरगी गुणाची हाय. पण पेटीवलेला जाळ इझवता येत न्हाय, म्हणून मी हा गेम दुसऱ्याला घ्या म्हणून सांगणार न्हाय." शेजारी आकडा होता: एकशे चाळीस तास.

दुसऱ्याच दिवशी मुरगूडकर हजर. "आजोबा, बारा तासात संपणाऱ्या गेममधी तुम्ही एकशे चाळीस तास एका जाग्यावर काय करताय?"

मामांनी सांगितलं, "लिही. पावणं, गस्त घालतोय."

"अहो गेम हाय तो. खरा जाळ न्हाय."

मामांनी चहाचा घोट घेतला. "लिही. पोरगी बी खरी न्हाय. मग तिच्यासाठी तुम्ही का रडलासा?"

पाचव्या दिवशी मुरगूडहून आलं: "परत जाऊन बघून आलो. अजून पेटलेलाच हाय. आता मला बी करमंना." मग कोण कुठले लोक, कुठल्या कुठल्या देशांतले, गेम संपवून झालेले, पहिल्या मुक्कामावर परत जाऊ लागले आणि 'आमचाही जाळ चालूच आहे' म्हणून फोटो टाकू लागले. मामांना मी ते दाखवले. पंधरा-वीस पोरी, पंधरा-वीस जाळ. मामांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे एवढ्या ठिकाणी पेटलंय? आन कोणच बघत न्हाय?"

याच सुमारास माझ्या ध्यानात आलं, की मामा पडद्याकडं बघताना सगळं डोकं फिरवतात. पोरगी कडेला गेली की विचारायचे, "कुठं गेली?" ती तिथंच असायची. मग एकदा जिन्यात मामींना न बघता त्यांच्यावरच आदळले. तपासणीत काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत. कडेची नजर गेली होती, मधली तेवढी उरली होती, नळीतून बघावं तशी. डॉक्टर म्हणाले, गेली ती परत येणार नाही, आहे ती राखायचा प्रयत्न करू. मामी पदर तोंडाला लावून बसल्या. मामा मला समजावून सांगू लागले. "म्हंजे जाळरेषा काढायची अक्का. वणवा आला की फुडचं गवत आपुनच तासून ठेवतोय न्हवं का? जळालं ते जळालं, फुडचं ऱ्हातंय." डोळ्यांत थेंब घालायला त्यांनी घड्याळ लावलं.

मला मात्र घाई सुटली. या माणसाला त्या पोरगीचा बाप सापडतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे, आणि डोळे थांबायला तयार नाहीत. आणि हे सगळं अडलंय कशानं, तर एका खोट्या शेकोटीनं. मला राग यायचा. गेम काढणाऱ्यांचा, डॉक्टरांचा, आणि खरं सांगायचं तर मामांचासुद्धा.

म्हणून मी ते केलं. थेंब घातल्यावर मामा पाच मिनिटं डोळे मिटून बसायचे. त्या पाच मिनिटांत मी कंट्रोलर घेतला, पोरगीला मुक्कामापासून लांब वळवलं आणि म्हटलं, "मामा, जमलं बघा! नदीचं पाणी आणून ओतलं. इझला जाळ."

"इझला?" डोळे मिटलेलेच, पण चेहरा फुलला. "राख उकरलीस?"

"उकरली."

"हात लावलास?"

"लावला की."

मामांनी डोळे उघडले, कंट्रोलर घेतला आणि पोरगी पहिल्यांदा खिंड चढू लागली. मामा लहान पोरासारखे पुढं सरकून बसले होते. कठड्यासारखा एक खडक आला. तिथं थांबून ते म्हणाले, "रानातनं निघताना एकदा मागं बघावं." आणि त्यांनी पोरगीला मागं फिरवलं. सगळं खोरं खाली पसरलं होतं, आणि नदीच्या काठाला, सुताएवढा, धूर. इकडंतिकडं काही न दिसणाऱ्या त्या माणसाच्या नळीएवढ्या नजरेत नेमका तो आला. मामांनी कंट्रोलर टेबलावर हळूच ठेवला, जसं काही तो तापला होता, आणि भिंतीला हात लावत जिना उतरून गेले.

आठ दिवस ते वर आले नाहीत. चार वाजले की मी जिन्याकडं कान लावून बसायचे. नवव्या दिवशी मीच खाली गेले. मामा दारात बसून शेंगा फोडत होते. मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं." त्यांनी माझ्यासाठी बाजूला जागा केली.

"बीटावर नवीन हुतो," ते सांगू लागले. "उन्हाळा. करवंदं काढाय माणसं आलती. त्यांनी च्या केलता. मी डोंगराच्या ह्या अंगाला, ती त्या अंगाला, मधी वढा. मी वराडलो, जाळ इझवलासा काय? ती म्हणाली, व्हय सायेब, इझवलाय. उतरून चढायचं म्हंजे तासभराचं काम. सकाळपासनं पाय मोडल्यालं. म्हटलं, माणसं सांगत्यात तर इझला असंल. दुपारी वारं फिरलं." त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे माझ्या हातात दिले. "तीन दिस जळत हुतं. तिसऱ्या दिवशी राखंतनं चाललोतो, तर गव्याचं पिल्लू. हुबंच. आई न्हाय कुठं. माझ्याकडं बघत हुतं."

मी विचारलं, "खोटं बोलली ती माणसं?"

"न्हाय गं. त्यास्नी खरंच वाटलंतं इझलाय म्हणून. चूक त्यांची न्हाय. हात माझा हुता, मी लावला न्हाय. तवापासनं दुसऱ्याच्या तोंडानं इझलेला जाळ मी धरत न्हाय."

मला फार लाज वाटली. त्या करवंदवाल्यांना निदान खरं वाटलं होतं. मी तर जाणूनबुजून बोलले होते. मला रडू आलं, तशी मामी आतून ओरडल्या, "पोरीला रडवतासा काय? एका राखंपायी मला निम्मं आयुष्य वाट बघाय लावली, आता तिला लावा." मग तिघंही हसलो आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता जिना वाजला.

त्यानंतर थोड्या दिवसांनी गेम काढणाऱ्यांचं मला पत्र आलं. कुठल्याशा थंड देशातली तीन-चारच माणसं होती ती. पोरगी निघून गेल्यावर त्या जाळाचं काय होत असेल, हा विचार आम्ही कधी केलाच नाही, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि विचारलं होतं, की त्या गृहस्थांच्या पद्धतीनं जाळ कसा विझवतात? मामांनी अंघोळ केली, धुतलेली टोपी घातली आणि अंगणात घमेल्यात गोवऱ्या पेटवून मला पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवलं. पाणी, काठी, परत पाणी, उलटा हात. मी लिहून घेतलं, फोटो काढले, पाठवलं. 'धन्यवाद' असं उत्तर आलं. पुढं काहीच नाही.

जाळरेषा टिकली नाही. पाऊस संपेपर्यंत मधली नजरही धुरकट झाली, आणि दिवाळीनंतर मामांनी नेसरीला परत जायचं ठरवलं. "तिथं उंबरा कुठं हाय, रांजण कुठं हाय, ते पायाला ठावं हाय. तिथं डोळं लागत न्हाईत," ते म्हणाले. सामान टेम्पोत चढल्यावर ते जिना चढून वर आले, एकटे, पायऱ्या मोजत. पडद्यापुढच्या खुर्चीवर बसले. त्यांना आता तिथं फक्त उजेड दिसत होता. मी शेकोटीचा आवाज लावला. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "पेटलाय अजून. लक्ष ठेव गं." आणि मी, एरवी तोंडाला कधी कुलूप न लावणारी, नुसती मान हलवली, जी त्यांना दिसणार नव्हती.

मी लक्ष ठेवलं. हसायचं तर हसा, पण कामावरून उठले की दोन मिनिटं खोरं उघडायचे आणि जाळ बघून बंद करायचे. आमच्या गल्लीत त्या वर्षी होळीपाशी खुर्ची टाकून मीच बसले. बायकांनी निखाऱ्याचं घमेलं आपण होऊन माझ्यापुढं आणून ठेवलं.

आणि गेल्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, मुरगूडकराचा निरोप आला. सगळी अक्षरं एकमेकांवर पडलेली. "ताई, आजोबांना सांगा. जाळ इझतोय!"

मी नेसरीला फोन लावला. मामींनी तो मामांच्या कानाला धरून दिला. मी खोरं उघडलं. शेकोटीशेजारी एक नवं बटण आलं होतं. दाबलं. "मामा, ती नदीवर गेली. भांडं भरलं. आता ओततीया."

"आवाज ऐकीव." मी फोन स्पीकरपाशी धरला. चर्र झालं. "हां," मामा म्हणाले. "मग?"

"काठी घेतली. उकरतीया. परत पाणी ओतलं. आता गुडघ्यावर बसली. हात लावतीया मामा."

"कंचा?"

मी पडद्याच्या अगदी जवळ गेले. "उलटा," मी म्हटलं.

पलीकडं कुठं तरी कोंबडा आरवला. मग मामा म्हणाले, "तिनं लावला. तू लाव की."

मी उजव्या हाताची मागची बाजू पडद्यावर ठेवली, राखेच्या जागी. गार आहे म्हणून सांगितलं असतं तर संपलं असतं. ज्या खिंडीपाशी दोन वर्षं अडलो होतो, ती आता समोर मोकळी होती. "कोमट हाय मामा," मी म्हटलं.

"मग थांबूया."

आम्ही थांबलो. ते नेसरीत उंबऱ्यावर, मी इथं. त्यांनी ऊस कुठवर आलाय ते सांगितलं. मामींच्या गुडघ्याचं सांगितलं. पाच-दहा मिनिटांनी विचारलं, "आता?"

मी परत हात लावला. मला वाईट वाटत होतं, पण लावला. "अजून कोमटच हाय."

तेव्हा मामा हसायला लागले. होळीपाशी बसून हसायचे तसे, खांदे हलवून. मला दिसत नव्हतं, पण ते तसेच हलत असणार. "काच हाय ती अक्का. चालू हाय तवर कोमटच ऱ्हाणार. एवढं मला कळत न्हाय व्हय?"

"मग बसवलासा कशाला?"

"तू काय सांगतीस ते बघत हुतो," मामा म्हणाले. "इझला जाळ. चल, खिंड चढू. आन काय काय दिसतंय ते समदं सांगत चल, घाई करू नगंस."

मी बटण दाबलं आणि पोरगी चालू लागली.